पाठीशी, शेजारी, सोबत

रात्री साडेनऊला फोन वाजला तेव्हा नेवाशात वीज गेलेली होती. अंधारातच उचलला.

"बाई, झोपला नाहीत ना?"

आवाज लगेच ओळखला. माझी जुनी विद्यार्थिनी, प्रवरेकाठच्या एका गावातली. आता इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात नर्स आहे. तिच्याकडे संध्याकाळचे पाच वाजले होते. तिच्या वॉर्डातल्या एका सिस्टरचे वडील वारले होते आणि सगळ्यांनी मिळून एक कार्ड आणलं होतं. ते हातोहात फिरत होतं, ज्याने त्याने त्यावर दोन ओळी लिहायच्या होत्या.

"रोजच्या नोंदी मी इंग्रजीतच लिहिते, बाई. औषधं, सलाइन, रात्रीचा हँडओव्हर. त्यात कधी अडत नाही. पण हे कार्ड समोर आलं आणि हातच थांबला."

तिने वहीच्या कागदावर कच्चं लिहून त्याचा फोटो पाठवला होता. डोन्ट क्राय. बी स्ट्राँग. एव्हरीथिंग हॅपन्स फॉर गुड. ऑल द बेस्ट.

मेणबत्तीच्या उजेडात मी त्या चार ओळी पुनःपुन्हा वाचल्या. लाल पेनाने गोल करावा असं त्यांत फारसं काही नव्हतं. तरीही यातली एकही ओळ त्या कार्डावर जाऊ नये, हे मला तत्काळ जाणवलं. का जाऊ नये, हे मात्र चटकन सांगता येईना. "उद्या सांगते," म्हटलं आणि फोन ठेवला. त्या रात्री झोप आली नाही.

एकतीस वर्षं मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवलं. दहावीला पत्रलेखन असायचं: मित्राचा पहिला नंबर आला, त्याचं अभिनंदन करा, मैत्रीण आजारी आहे, तिला धीर द्या. मुलं ही पत्रं पाठ करून यायची. मार्कही मिळायचे, कारण पत्ता उजवीकडे की डावीकडे, तारीख कुठे, शेवटी 'युवर्स लव्हिंगली' आहे की नाही, हे सगळं तपासता येतं. ते पत्र खरोखर त्या आजारी मैत्रिणीच्या हातात पडलं असतं तर तिला कसं वाटलं असतं, हे तपासायला उत्तरपत्रिकेत रकाना नसतो.

एकदा एका मुलाने 'मी तुझ्या पाठीशी आहे' याचं इंग्रजी केलं, 'आय अ‍ॅम आफ्टर यू'. मी फळ्यावर खडूने एक माणूस काढला. म्हटलं, हा तुझा मित्र, संकटात आहे. आता तू कुठे उभा आहेस ते दाखव. त्याने मित्राच्या मागे आणखी एक माणूस काढला. मग मी सांगितलं, की मराठीत पाठीशी असणं वेगळं आणि मागे लागणं वेगळं, तसंच इंग्रजीतही आहे. 'बिहाइंड यू' म्हणजे पाठीशी. 'आफ्टर यू' म्हणजे मागे लागलेला. 'ऑन युवर बॅक' म्हणशील तर त्याच्या पाठीवर ओझं होऊन बसशील. 'बाय यू' म्हणजे शेजारी, खांद्याला खांदा. 'विथ यू' म्हणजे सोबत. 'फॉर यू' म्हणजे तुझ्यासाठी, तुझ्या बाजूने. एकाच संकटातल्या माणसाभोवती इतक्या जागा. तास संपेपर्यंत फळा खडूच्या माणसांनी भरून गेला.

तेव्हापासून मला वाटत आलंय, की इंग्रजीत आधाराचे शब्द चुकतात ते बहुतेक वेळा या जागेवर. आपण कुठे उभे आहोत, हे लिहिण्याआधी ठरवलेलंच नसतं.

'सॉरी'चं घ्या. आमच्याकडे सॉरी म्हणजे पाय लागला, वही फाटली, उशीर झाला. एका मुलीने मला सरळ विचारलं, "त्यांची आजी वारली, तर मी कशाला सॉरी म्हणू? मी काय केलं?" प्रश्न अगदी रास्त होता. मी सांगितलं, की हा जुना शब्द आहे, 'सोअर' म्हणजे दुखरं, त्याच्या नात्यातला. माफी हा त्याचा नंतरचा अर्थ. मूळ अर्थ, मला दुखतंय. 'आय अ‍ॅम सॉरी फॉर युवर लॉस' म्हणणारा माणूस चूक कबूल करत नसतो, तुझ्या दुःखाने माझंही मन दुखावलंय असं सांगत असतो. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग ते आपल्या 'वाईट वाटलं'सारखं झालं." इतकं नेमकं भाषांतर मी शब्दकोशातही पाहिलं नव्हतं.

'कीप इट अप'चं मात्र मला दुःखच आहे. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आठवीच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एक मुलगा आला. दुसऱ्या तालुक्यातून, मामाकडे राहायला. मी 'माय फादर' हा दहा ओळींचा निबंध दिला होता. त्याने लिहिलं, माय फादर वॉज अ फार्मर. ही वॉज टॉल. ही वॉज व्हेरी स्ट्राँग. मी प्रत्येक 'वॉज'भोवती लाल गोल केला आणि वर 'इज' लिहिलं. पाच ठिकाणी. बाकी निबंध स्वच्छ होता, अक्षर वळणदार. म्हणून खाली लिहिलं: गुड. कीप इट अप.

दोन दिवसांनी त्याच्या शेजारच्या मुलाने सांगितलं. विहिरीचं काम चालू असताना दरड कोसळली आणि त्याचे वडील त्यात गेले. महिनाही झाला नव्हता.

काळ बरोबर होता. माझ्या वर्गातल्या साठ मुलांमध्ये भूतकाळ अचूक वापरणारा तो एकटाच होता, आणि मी त्याच्या वडिलांना पाच वेळा वर्तमानात ओढून आणलं होतं. वर 'असंच चालू ठेव' म्हटलं होतं.

मी वही मागून घेतली. प्रत्येक 'इज' खोडलं, त्याचे 'वॉज' परत लिहिले. खालची शाबासकीही खोडली. मग काहीतरी लिहायला हवं होतं. मला येत असलेली सगळी इंग्रजी वाक्यं मनात येऊन गेली आणि एकही पुढे सरकेना. शेवटी मराठीत लिहिलं: तू लिहिलेलं बरोबर होतं. माझी दुरुस्ती चुकीची होती. त्याने ते वाचलं, वही मिटली आणि दप्तरात ठेवली. आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. पण पुढच्या निबंधाला त्याने दहाच्या जागी बावीस ओळी लिहिल्या होत्या.

त्यानंतर मी वह्या तपासण्याची पद्धत बदलली. 'कीप इट अप' वरून खाली म्हटलं जातं. ते म्हणणारा पायरीवर उभा असतो आणि ऐकणारा अंगणात. म्हणून सरपंचांना, डॉक्टरांना, आपल्याच निवृत्त होणाऱ्या गुरुजींना कुणी 'कीप इट अप' लिहिलं की ते खटकतं. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच असतो, जागा मात्र चुकलेली असते. 'ऑल द बेस्ट'ला पुढे काहीतरी उभं असावं लागतं: परीक्षा, सामना, मुलाखत. ज्याच्या पुढे दहाव्याशिवाय काही नाही त्याला ते देऊ नये. 'गेट वेल सून' तापाला, हाडाला, टायफॉइडला छान. जो बरा होणार नाही हे घरात सगळ्यांना आणि त्याला स्वतःलाही माहीत आहे, त्याच्या उशाशी ते कार्ड ठेवणं म्हणजे त्याला एकटं पाडणं. तिथे इंग्रजीत 'थिंकिंग ऑफ यू' म्हणतात. मुलं त्याचं 'मी तुझा विचार करतो' करतात आणि ते फार कोरडं होतं. आमच्या आईची पिढी म्हणायची, "तुझ्याकडे जीव लागून राहिलाय." दोन्ही भाषांत एकच माणूस रात्री जागा आहे.

आणि ते तीन अक्षरांचं आर.आय.पी. गावोगाव फोनवर, फ्लेक्सवर तेच. ती लॅटिन प्रार्थना आहे, गेलेल्याला शांती लाभो अशी. गेलेल्यासाठी ती योग्यच. पण मागे राहिलेल्या मुलाला आपण तेवढंच पाठवलं तर त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. सगळी शांती वडिलांना गेली, तो तसाच उभा.

'हँग इन देअर' हा वाक्प्रचार मी माझ्या वर्गात कधी शिकवला नाही. चांगला आहे, तग धर असा त्याचा अर्थ. पण मुलं शब्दकोश उघडतात, आणि पहिल्याच शब्दाचा जो अर्थ तिथे असतो तो कोरडवाहू गावातल्या एखाद्या घराने प्रत्यक्ष पाहिलेला असतो. भाषा बरोबर असूनही शब्द देऊ नये अशी वेळ असते.

मराठीत आपण या बाबतीत फार बोलत नाही. दुःखाच्या घरी जातो, ओट्यावर बसतो. कुणी तरी म्हणतं, "काय करणार, आपल्या हातात आहे का," मग बराच वेळ कुणी काही म्हणत नाही. चूल पेटलेली नसते म्हणून नातेवाईक कडू घास घेऊन येतात. भाकरी, पिठलं, जे असेल ते. 'काही लागलं तर सांगा' असं विचारत थांबत नाहीत, ताट समोर ठेवतात आणि म्हणतात, दोन घास खा. इंग्रजीतलं 'लेट मी नो इफ यू नीड एनिथिंग' मला म्हणूनच अपुरं वाटतं. व्याकरण अचूक, हेतूही चांगला, पण मागण्याचं काम ते दुःखी माणसावरच टाकतं. ज्याला स्वतःच्या चपला कुठे आहेत ते सुचत नाही त्याने काय लागतंय ते शोधायचं आणि मग कळवायचं.

मात्र आपली शब्दांची पेटी रिकामी आहे असं मुळीच नाही. धीर, आधार, उभारी, उमेद, हिंमत, दिलासा, सांत्वन. प्रत्येकाची वेळ वेगळी. सांत्वन मृत्यूनंतर, दिलासा संकट चालू असताना, उभारी ते ओसरल्यावर, उमेद पुढच्या पेरणीला. यातली हिंमत, उमेद, दिलासा ही फारसीच्या वाटेने आली. १४९० मध्ये नगरची निजामशाही सुरू झाली, दरबारची भाषा फारसी होती. तो तर आमच्या जिल्ह्याचाच इतिहास. 'शाबास' सुद्धा तिकडचंच, 'शाद बाश', आनंदात राहा. आज पाटावर बसलेल्या पोराच्या पाठीवर थाप मारून आजोबा "शाब्बास रे पठ्ठ्या" म्हणतात तेव्हा कुणाला परकं वाटत नाही. परका शब्द शतकानुशतकं योग्य जागी वापरत राहिलं, की तो घरचा होतो. इंग्रजीचेही होतील. त्यासाठी मुलांना त्यांची जागा नीट दाखवायला हवी, एवढाच माझा हट्ट आहे.

त्या रात्री मला जामखेड तालुक्यातलं चौंडी आठवलं. १७२५ मध्ये अहिल्याबाई तिथे जन्मल्या. आज जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव होळकर तोफेच्या माऱ्यात पडले. सासरे मल्हाररावांनी अहिल्याबाईंना सती जाऊ दिलं नाही, हे आपण शाळेत शिकतो. पण मला त्याहून थोर वाटतं ते त्यांचं १७६५ मधलं पत्र. मोहिमेच्या धामधुमीत त्यांनी सुनेला लिहिलं होतं. ग्वाल्हेरकडे जावं, तिथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना सोबत ठेवून त्याच्या दारूगोळ्याची होईल तितकी तजवीज करावी, अशा त्यातल्या सूचना. धीराचा शब्द नाही, तू समर्थ आहेस असं कुठे म्हटलेलं नाही. ज्या तोफेने नवरा नेला ती तोफ अकरा वर्षांनी सासऱ्याने तिच्या हवाली केली. इतक्या विश्वासाने कुणी कुणाला काही लिहिलं असेल, तर ते मला ठाऊक नाही. इंग्रजीत 'आय ट्रस्ट यू' तीन शब्दांत होतं. पण त्याच्यापुढे काम आलं नाही तर ते तीन शब्द हवेत राहतात.

नगरचा किल्लाही आठवला. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला तिथे आणून ठेवलं. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' तिथेच लिहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. मुलांची सहल नेली की फलक पाहून तेही सांगतात. मौलाना आझादांचं 'गुबार-ए-खातिर' ही तिथलंच, हे मात्र सांगावं लागतं. एका मित्राला उद्देशून लिहिलेली पत्रं, पण टपालात टाकायची सोय नाही. लिहायची आणि ठेवून द्यायची. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. आजारपण वाढत असताना तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं होतं, सरकारकडे काही विनंती करायची असेल तर ती ताबडतोब पोचवतो. आझादांनी नकार दिला. त्यानंतरच्या पत्रात ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या थडग्याबद्दल लिहितात. इथे आल्यापासून शेकडो वेळा त्यावरून नजर फिरली होती, आणि आता त्याच थडग्याशी एक नवीनच जिव्हाळा जडल्यासारखा वाटतो, अशा अर्थाचं.

मी उर्दू देवनागरीतून, अडखळत वाचते. पण तो भाग वाचल्यापासून सांत्वनाचं पत्र लिहिताना मला एक गोष्ट कायम आठवते. दुःखातला माणूस आधार शोधताना मोठ्या वाक्यांकडे वळत नाही. रोजच्या, नजरेसमोरच्या एखाद्या वस्तूला धरतो. ती वस्तू आपल्याला ठाऊक असेल तर तिच्याबद्दल लिहावं. गेलेल्याची काठी, त्याचं पेरूचं झाड, हाक मारायची त्याची पद्धत.

नेवाशात राहणाऱ्याला आणखी एक शेजार आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी भगवद्गीता मराठीत सांगितली असं आम्ही मानतो, तो पैस खांब माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शके १२१२, म्हणजे १२९०. लहानपणापासून तिथे जाते. पण निवृत्तीनंतर लक्षात आलं, की तो अख्खा ग्रंथ हातातलं धनुष्य गळालेल्या एका मित्राला उभं करण्यासाठी आहे. आणि सांगणारा मित्र सुरुवातीला त्याला गोंजारत नाही, चांगला रागावतो. त्याला ते शोभतं, कारण तो रथावरच बसलेला आहे, लगाम त्याच्या हातात आहे, बाण आले तर आधी त्याला लागतील. दुरून, दुसऱ्या देशातून, कार्डावर 'बी स्ट्राँग' लिहिणाऱ्याला तो हक्क नसतो. अठरा अध्याय सांगून झाल्यावर तो विचारतो, ऐकलंस ना नीट? मोह गेला का? धीर देऊन तो निघून गेला नाही. पोचला की नाही, हे पाहायला थांबला.

वीज पहाटे आली. तेव्हा मला काय सांगायचं ते उमगलं होतं.

दुपारी तिच्याकडे सकाळ झाल्यावर मी फोन केला. आधी विचारलं, "ते वडील तुला माहीत होते का?"

"एकदाच पाहिलेत, बाई. पण ते घरामागे टोमॅटो लावायचे. उन्हाळ्यात ती पिशवी भरून आणायची वॉर्डात, सगळ्यांना वाटायची. मला दोन जास्त द्यायची, मी चटणी करते म्हणून."

"मग ते लिही."

"टोमॅटोचं? कार्डावर?"

"हो. आणि आता तिला काय लागतंय?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "शनिवारी तिची नाइट आहे. रविवारी तिला आईकडे जायचंय, पण बदली मिळेना."

मी काहीच बोलले नाही. शाळेत असतानाही ती अशी थांबली की मी बोलत नसे. उत्तर तिच्याजवळ असायचं.

संध्याकाळी फोटो आला, या वेळी कार्डाचाच. इतरांच्या अक्षरांच्या मध्ये तिचं ते वळणदार, आम्ही दुरेघी वहीत गिरवून घेतलेलं अक्षर. आय अ‍ॅम सो सॉरी अबाउट युवर फादर. आय विल ऑलवेज रिमेंबर हिज टोमॅटोज. आय हॅव टेकन युवर सॅटर्डे नाइट.

पाठोपाठ फोन. "बाई, 'अबाउट' बरोबर आहे ना? का 'फॉर' पाहिजे?"

"अबाउट बरोबर आहे. काळही बरोबर आहे."

"मग देते कार्ड पुढं. आणि बाई, शनिवारी फोन करू नका हं. साडेसातला ड्यूटीवर जाईन, ती सकाळपर्यंत."